उंदरांची वाट, वडीलधाऱ्यांची झोप

गेल्या आषाढातील गोष्ट. माझ्या मावशीचे वय ऐंशीच्या पुढे आणि मधुमेह पंचवीस वर्षांचा. एके सकाळी पांघरूण आवरताना तिच्या सुनेला पायथ्याशी चादरीवर रक्ताचे डाग दिसले. मावशीच्या उजव्या पायाच्या अंगठ्याचे कातडे टोकाशी कुरतडले गेले होते. तिला मात्र रात्रभरात काहीही जाणवले नव्हते. "कुठे ठेच लागली असेल," एवढेच ती म्हणाली. डॉक्टरांनी जखम पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, "घरात उंदीर आहेत का?" तेव्हा सर्वांना आठवले, की गेला महिनाभर मावशी सांगत होती, रात्री माळ्यावर कोणीतरी खुडबुड करते. घरच्यांनी ते वयाचे बोलणे समजून सोडून दिले होते. ती एवढीशी जखम भरून यायला दोन महिने लागले.

उंदीर हा आपल्याकडे थोडा थट्टेचा विषय आहे. तो गणरायाचे वाहन आहे, मुलांच्या गोष्टींतला उंदीरमामा आहे. पापडाचा डबा फोडला, शालू कुरतडला, यापलीकडे त्याची तक्रार सहसा जात नाही. तरुण माणसांच्या घरात ते एक वेळ चालेल. परंतु ज्या घरात वृद्ध माणूस आहे, कोणी अंथरुणाला खिळलेले आहे, कोणाच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्या घरात उंदीर हा स्वच्छतेचा नव्हे, शुश्रूषेचा प्रश्न ठरतो. म्हणूनच आपण या प्रश्नाचा विचार स्वयंपाकघरापासून न करता, घरातील सर्वांत अशक्त माणसाच्या पलंगापासून सुरू करावा, अशी या लेखाची विनंती आहे.

वृद्धांच्या घरात धोका अधिक का?

उंदराचा वावर आपल्याला प्रथम कळतो तो कानांनी आणि नाकाने. वार्धक्यात याच दोन इंद्रियांची धार कमी होते. वयोमानाने बारीक, उच्च स्वरातले आवाज ऐकू येईनासे होतात. उंदराची चिवचिव नेमकी त्याच पट्टीत असते. त्याच्या मुताचा उग्र वासही अनेक वृद्धांना जाणवत नाही. एकटे राहणाऱ्या ज्येष्ठांच्या घरात म्हणूनच उंदरांचे बस्तान पुष्कळ दिवस कोणाच्या लक्षात येत नाही. याउलट एखाद्या आजोबांना आवाज ऐकू येतो आणि ते सांगतात, तर ऐकणाऱ्याला तो भास वाटतो. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला भास होऊ शकतात हे खरे. तरीही 'भास' म्हणण्यापूर्वी एकदा विजेरी घेऊन माळा आणि पलंगाखालची जागा पाहणे, हे आपले कर्तव्य आहे.

दुसरा धोका पायांचा. दीर्घकाळच्या मधुमेहात पायांच्या मज्जातंतूंना इजा होते आणि बधिरता येते. पक्षाघाताने लुळा पडलेला हात-पाय, कुष्ठरोगाने बधिर झालेली बोटे, यांचेही तसेच. ज्याला वेदना जाणवते तो झोपेतही पाय झटकतो आणि उंदीर पळतो. ज्याला जाणवत नाही त्याचे बोट तो निवांतपणे कुरतडतो. मधुमेहाच्या पायाची जखम लवकर भरत नाही, चिघळते आणि कधी बोट गमावण्यापर्यंत पाळी येते. मधुमेहाचे डॉक्टर अशा जखमा अधूनमधून पाहतात.

तिसरा धोका अप्रत्यक्ष, पण तेवढाच गंभीर. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. ते झिजविण्यासाठी त्याला सतत काहीतरी कुरतडावे लागते. गॅसची रबरी नळी, शीतकपाटाची वायर, प्राणवायू देणाऱ्या यंत्राची जोडणी, यांपैकी काहीही त्याला वर्ज्य नाही. ज्यांची घ्राणशक्ती मंदावली आहे त्यांना गॅसची गळती वेळेवर कळेलच असे नाही. यासाठी साध्या रबरी नळीऐवजी आत पोलादी तारेची वीण असलेली 'सुरक्षा' नळी बसवावी, ती पाच वर्षांनी बदलावी आणि रोज रात्री रेग्युलेटर बंद करूनच झोपावे. गळतीची शंका आल्यास खिडक्या उघडाव्यात, विजेचे कोणतेही बटण दाबू नये आणि घराबाहेर येऊन १९०६ या गॅसच्या तातडीच्या क्रमांकावर कळवावे.

देवघराकडेही लक्ष असावे. तुपात भिजलेली वात उंदराला खाद्यच वाटते. तेवत असलेल्या निरांजनातली वात तो ओढून नेतो आणि कपड्यांना वा कागदांना आग लागते. जुन्या घरांतून असे प्रसंग ऐकिवात आहेत. झोपण्यापूर्वी निरांजन शांत करावे. नंदादीप ठेवायचाच असेल तर तो काचेच्या बंद कंदिलात ठेवावा.

उंदीर आणि आजार

आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला उंदराची जी धास्ती होती, तिला इतिहास आहे. १८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात प्लेगची साथ सुरू झाली. ती ओळखली डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या वैद्याने. पुढच्याच वर्षी साथ पुण्यात पसरली. तेथे रुग्णांची शुश्रूषा करताना संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. रोग उंदरांवरील पिसवांमार्फत माणसापर्यंत येतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच संशोधकाने १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखविले. परंतु लोकांना अनुभवाने आधीच कळले होते. 'उंदीर पडू लागले' म्हणजे मरू लागले, की माणसे घरे सोडून गावाबाहेर माळावर झोपड्या बांधून राहत.

आज प्लेगवर गुणकारी प्रतिजैविके आहेत आणि त्याचे भय बाळगण्याचे कारण नाही. आज महाराष्ट्रात आणि गोव्यात पावसाळ्यात ध्यानात ठेवायचा आजार म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. बाधित उंदराच्या मूत्रातून त्याचे जंतू साचलेल्या पाण्यात आणि ओल्या मातीत येतात आणि पायाच्या भेगा, जखमा, डोळे वा तोंडातील नाजूक त्वचा यांतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतरच्या आठवड्यांत या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले होते. साधारणपणे पाच ते चौदा दिवसांत थंडी वाजून ताप, तीव्र डोकेदुखी, डोळे लाल होणे आणि विशेषतः पोटऱ्या व कंबर दुखणे ही लक्षणे दिसतात. दुर्लक्ष झाल्यास कावीळ होते, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. वृद्धांमध्ये हा आजार अधिक तीव्र होण्याचा संभव असतो. वेळेवर उपचार मिळाल्यास तो बरा होतो. साचलेल्या पाण्यातून चालावे लागले असेल तर त्याच दिवशी पाय साबणाने धुवावेत. पायाला जखम वा भेग असेल तर प्रतिबंधक गोळी घ्यावी का, हे ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारावे. ती गोळी मनाने घेऊ नये.

याखेरीज उंदरांच्या लेंड्यांनी व मुताने दूषित झालेल्या अन्नातून साल्मोनेला जंतूंचे अतिसार होतात. तरुणाला दोन दिवसांत उठवणारा अतिसार ऐंशीच्या माणसाला शोष पाडून रुग्णालयात नेतो, हे शुश्रूषा करणाऱ्यांना सांगायला नको.

आधी ओळख पटवावी

घरात शिरणारा प्रत्येक प्राणी एकाच जातीचा नसतो आणि उपायही एक नसतो. बोटाएवढा, करड्या रंगाचा छोटा उंदीर कपाटात, ट्रंकेत, गाद्यांच्या घडीत घर करतो. त्याची लेंडी तांदळाच्या कणीएवढी, टोकदार असते. मोठा काळपट घरउंदीर चढण्यात तरबेज असतो. त्याची वस्ती माळा, आढे, कौलांखालची जागा येथे असते. घूस जमीन उकरते. मोरी, गटार, अंगणातील बिळे हे तिचे क्षेत्र. लांब सोंडेसारखे तोंड असलेली, चिक् चिक् करीत भिंतीच्या कडेने धावणारी चिचुंद्री मात्र उंदीर नव्हेच. ती झुरळे व किडे खाते. तिच्या अंगाला उग्र वास येतो. धान्याच्या डब्याशी तिला कर्तव्य नसते. पुष्कळ घरांत तिला मारीत नाहीत, ते योग्यच आहे. तिला फक्त बाहेरची वाट दाखवावी.

खुणा पाहण्यासाठी सायंकाळी दिवे लागण्याच्या सुमारास विजेरी घेऊन फेरी मारावी. ओट्याखाली, गॅसटाकीच्या मागे, शीतकपाटाच्या पाठीशी, औषधांच्या खणात, देवघराच्या खाली आणि पलंगाच्या डोक्याकडील भिंतीलगत पाहावे. ताज्या लेंड्या काळ्या, ओलसर असतात आणि जुन्या करड्या, भुसभुशीत. छोटा उंदीर दिवसाला ५०हून अधिक लेंड्या टाकतो. म्हणून मूठभर लेंड्या दिसल्या म्हणजे घरात उंदरांचा तांडा आहे असे नव्हे. परंतु स्वस्थ बसणेही परवडत नाही. उंदरीण १९ ते २१ दिवसांत विते, एका वेळी पाच-सहा पिल्ले होतात आणि ती पिल्लेही सुमारे सहा आठवड्यांत विण्याजोगी होतात.

पहिला उपाय: वाट बंद करणे

बहुतेक घरांत क्रम उलटा असतो. आधी विष येते, मग सापळा आणि भोक मात्र तसेच राहते. एक उंदीर मेला की त्याच वाटेने दुसरा येतो. डोंगर पोखरून उंदीर काढण्याचा हा प्रकार वर्षानुवर्षे चालू राहतो. खरा उपाय भोकापासून सुरू होतो.

छोट्या उंदराला शिरायला सुमारे ६ मिलिमीटरची फट पुरते. सोपी कसोटी अशी, की ज्या फटीत पेन्सिल शिरते तीत उंदीर शिरू शकतो. जेथे अंगठा शिरतो तेथून मोठा उंदीरही येतो. दिवसा खोलीतले दिवे मालवून दार लावावे आणि दाराच्या खालून, चौकटीच्या कोपऱ्यांतून उजेड कोठून येतो ते पाहावे. तो उजेड आपल्याला वाट दाखवितो. वातानुकूलन यंत्राच्या नळीसाठी भिंतीत पाडलेले छिद्र, गॅसवाहिनीची जागा, मोरीची तुटलेली जाळी, न्हाणीघराच्या झरोक्याची निखळलेली काच, कौलांमधील फटी, खिडकीपर्यंत आलेली झाडाची फांदी, ही नेहमीची प्रवेशद्वारे आहेत.

छिद्र बुजविण्यासाठी कापड, कागद, थर्माकोल वा नुसता फोम उपयोगाचा नाही. एका रात्रीत त्याचा भुगा होतो. भांडी घासण्याची पोलादी तारेची घासणी छिद्रात घट्ट कोंबावी आणि वरून सिमेंट वा पुट्टी लिंपावी. उंदराला तार कुरतडता येत नाही. जुने गवंडी याच हेतूने सिमेंटमध्ये फुटक्या काचा कालवीत असत. मोरीच्या तोंडाला व झरोक्याला बारीक छिद्रांची धातूची जाळी लावावी. नायलॉनची जाळी डासांना थोपविते, उंदरांना नव्हे. दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी ठोकून घ्यावी. इमारतीत राहत असाल तर आपल्या एका घराची डागडुजी पुरणार नाही. नळांच्या उभ्या मार्गिका, कचऱ्याची जागा व गटारे यांबद्दल गृहनिर्माण संस्थेच्या सभेत विषय मांडावा आणि महापालिकेच्या वा नगरपालिकेच्या संबंधित विभागाकडे लेखी कळवावे.

येथे एक कळकळीची सूचना. हे काम साठीपुढच्या माणसाने स्टुलावर चढून करू नये. उंदराने जेवढे नुकसान केले नसते तेवढे एका पडण्याने होते. मांडीचे हाड मोडले की पुढचे वर्ष त्यातच जाते. माळा तपासण्यासाठी मुलांना, नातवंडांना, शेजाऱ्यांना हाक मारण्यात कमीपणा नाही.

दुसरा उपाय: अन्न आणि आसरा तोडणे

छोटा उंदीर दिवसाला तीन-चार ग्रॅम अन्नावर जगतो. ओट्यावर राहिलेली पोळीची कड, पाटावरवंट्याखालचे कण, नैवेद्याच्या वाटीतील साखर, बिस्किटाचा उघडा पुडा, एवढे त्याला पुरे. धान्य, शेंगदाणे, पापड, कुरडया व सुकी मासळी पत्र्याच्या, स्टीलच्या किंवा काचेच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. प्लॅस्टिकचा डबा हा उंदराला अडथळा नव्हे. ओला कचरा रात्रभर घरात उघडा ठेवू नये. खरकटी भांडी निदान पाण्याखालून काढून ठेवावीत.

आसऱ्याचा विषय नाजूक आहे. जुनी वर्तमानपत्रे, लुगड्यांची गाठोडी, गोधड्या, मुलांची पुस्तके, यांत वृद्धांचे आयुष्य साठलेले असते. त्यांना न विचारता माळा रिकामा करणे हे शहाणपणाचे नाही आणि प्रेमाचेही नाही. त्याऐवजी दुपारी त्यांच्याजवळ बसून एकेक गाठोडे उघडावे. जे ठेवायचे ते झाकणाच्या पत्र्याच्या पेटीत, जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून थोडे दूर ठेवावे. राहिलेले त्यांच्याच संमतीने काढावे. उंदराला कागदाचा ढीग आणि भिंत यांमधली सांदच हवी असते. ती सांद मोडली की त्याचे घर मोडते.

तिसरा उपाय: सापळा

वाटा बंद केल्यावर आत अडकलेल्या उंदरांसाठी सापळा लागतो. उंदीर मोकळ्या जागेतून क्वचित जातो. मिशांनी भिंतीचा स्पर्श घेत कडेकडेने धावतो. म्हणून पिंजरा खोलीच्या मध्यभागी न ठेवता भिंतीला लागून, जेथे लेंड्या दिसल्या तेथे ठेवावा. छोट्या उंदराचा वावर थोड्याच मीटरांच्या परिसरात असतो. तेव्हा महिनाभर एक पिंजरा लावण्यापेक्षा एकाच आठवड्यात चार-पाच ठिकाणी पिंजरे लावणे फलदायी ठरते. आमिष म्हणून गुळात कालवलेले शेंगदाण्याचे कूट, भज्याचा तुकडा किंवा सुका बोंबील उत्तम. मोठा घरउंदीर नव्या वस्तूला बिचकतो. त्याच्यासाठी दोन-तीन रात्री पिंजरा दार बांधून, उघडाच ठेवावा. आत जाऊन खाण्याची सवय लागली की मग चाप चढवावा.

जोराच्या स्प्रिंगचा चाप सांधेदुखीच्या किंवा कापऱ्या हातांसाठी नाही. बोटे सापडतात. अंधारात उठणाऱ्या माणसाच्या न्हाणीघराकडील वाटेवर कोणताही सापळा ठेवू नये. चिकट पुठ्ठ्यांचा तर मोह टाळावाच. त्यावर अडकलेला उंदीर तासन्‌तास तडफडतो आणि भीतीने मलमूत्र विसर्जित करतो. ते दृश्य घरातील वृद्धांना व मुलांना सहन होत नाही. तो पुठ्ठा उचलणे आरोग्यालाही धोक्याचे असते. पिंजरा सकाळ-संध्याकाळ पाहावा, हाताळताना हातमोजे घालावेत. सापडलेला उंदीर इमारतीच्याच आवारात सोडला तर तो परत येतो, हेही ध्यानात असावे.

डांबराच्या गोळ्या उघड्या खोलीत उंदरांना पळवून लावत नाहीत. त्यांच्या वाफेने दम्याच्या रुग्णाला मात्र त्रास होतो. मानवी कानांना ऐकू न येणारा आवाज काढणाऱ्या विजेवरच्या उपकरणांचा टिकाऊ परिणाम सिद्ध झालेला नाही. त्यांवर पेन्शनीतले पैसे खर्च करू नयेत.

विष घरात नको

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. ज्या घरात वृद्ध, मुले किंवा मनाने खचलेले कोणी आहे, त्या घरात उंदरांचे विष आणू नये.

बाजारात प्रामुख्याने तीन प्रकार मिळतात. रंगीत वड्या किंवा दाणे यांत बहुधा ब्रोमॅडिओलोनसारखे रक्त गोठू न देणारे द्रव्य असते. काळपट पुडीत झिंक फॉस्फाइड असते. ते जठरातील आम्लाशी संयोग पावून विषारी वायू निर्माण करते. ट्यूबमधून मिळणाऱ्या काही लेपांत पिवळा फॉस्फरस असतो. तो यकृतावर आघात करतो. फसवी गोष्ट अशी, की सुरुवातीच्या उलट्या थांबून रुग्णाला एक-दोन दिवस बरे वाटते आणि त्यानंतर प्रकृती ढासळते. या दोन्ही विषांवर नेमका उतारा नाही. आता कल्पना करावी, की दृष्टी अधू झालेल्या आजोबांच्या न्हाणीघरात दाताच्या पेस्टशेजारी ही ट्यूब आहे. किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या आजींना कपाटाखाली गुलाबी वडी सापडली आहे. असे अपघात झालेले आहेत.

पहिल्या प्रकाराची एक कथा ज्येष्ठांनी जाणून घेण्याजोगी आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात सडक्या गवताने गुरांना होणाऱ्या रक्तस्रावाचा शोध घेताना कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेतून वॉरफरिन हे द्रव्य पुढे आले. १९४८ मध्ये ते उंदरांचे विष म्हणून विक्रीस आले आणि १९५४ मध्ये माणसांसाठी औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली. हृदयाची कृत्रिम झडप असलेल्या किंवा ठोके अनियमित असलेल्या अनेक ज्येष्ठांना आज वॉरफरिन अथवा त्याच कुळातील असिनोकुमारॉल ही गोळी दिली जाते. उंदरांच्या वड्यांतील विष त्याच कुळातले, परंतु कितीतरी अधिक काळ शरीरात टिकणारे आहे. रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्या माणसाच्या पोटात ते गेल्यास धोका दुणावतो. त्याची लक्षणे, म्हणजे हिरड्यांतून रक्त येणे, लघवी लाल होणे, अंगावर निळे डाग पडणे, ही दोन-तीन दिवस उलटल्यावर दिसतात. या विषावर 'के' जीवनसत्त्वाचा उतारा आहे, पण तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावा लागतो.

विष पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट पाहू नये. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये, दूध वा तूप देऊ नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि विषाचे वेष्टण सोबत न्यावे. कोणते विष गेले हे कळले की उपचाराची दिशा लगेच ठरते.

विषाचा आणखी एक तोटा रोजच्या अनुभवाचा आहे. विष खाल्लेला उंदीर कपाटामागे वा भिंतीच्या पोकळीत मरतो आणि आठवडाभर घर दुर्गंधीने भरून जाते. त्याला खाणारे मांजर आणि घुबडही त्या विषाने मरू शकते. खेड्यात तर घुबड आणि धामण हे शेतकऱ्याचे बिनपगारी राखणदारच आहेत. उपद्रव फारच वाढला असेल तर परवानाधारक कीटकनियंत्रकाला बोलवावे. विष कुलूपबंद पेटीतच ठेवण्याची अट त्याला घालावी आणि किती पेट्या कोठे ठेवल्या ते लिहून घ्यावे.

साफसफाई कोरड्या झाडूने नको

लेंड्या दिसताच आपला हात केरसुणीकडे जातो. तसे करू नये. कोरडे झाडल्याने दूषित धूळ उडते आणि श्वासात जाते. आधी अर्धा तास खिडक्या उघडाव्यात. हातमोजे आणि मुखपट्टी लावावी. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असे मिश्रण लेंड्यांवर व डागांवर शिंपडून पाच मिनिटे थांबावे. मग कागदाने वा टाकाऊ फडक्याने पुसून ते पिशवीत बांधून टाकावे आणि हात साबणाने धुवावेत. ब्लीचमध्ये शौचालयाचे आम्ल वा दुसरा कोणताही क्लीनर मिसळू नये. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. दम्याच्या वा हृदयाच्या रुग्णाला त्या वेळी दुसऱ्या खोलीत बसवावे. उंदीर फिरलेल्या खणातील ज्या औषधाचे वेष्टण कुरतडलेले आहे ते टाकून द्यावे.

पलंगाभोवतीची व्यवस्था

शेवटी पुन्हा पलंगाकडे येऊ. शुश्रूषा करणाऱ्यांनी रोज रात्री दहा मिनिटे यासाठी द्यावीत.

• रुग्णाचे हात, पाय आणि तोंड कोमट पाण्याने पुसावे. बोटांना लागलेल्या अन्नाच्या वासानेच उंदीर जवळ येतो.
• अंथरुणात बसून काही खाल्ले असेल तर चादर झटकून घ्यावी. उशाशी बिस्किटे वा लाडवाचा डबा ठेवू नये. मधुमेही माणसाला रात्री साखर जवळ हवीच असेल तर ती घट्ट फिरकीच्या बरणीत ठेवावी.
• पलंग भिंतीपासून वीतभर दूर सरकवावा. चादरीची किंवा मच्छरदाणीची कड जमिनीवर लोळू देऊ नये. मच्छरदाणी गादीखाली खोचावी.
• पलंगाखाली गाठोडी, खोकी वा जुनी पादत्राणे ठेवू नयेत.
• न्हाणीघराच्या वाटेवर मंद दिवा असावा. उंदराला दचकून अंधारात उठणे हे पडण्याचे मोठे कारण होऊ शकते.
• सकाळी दोन्ही पावले, टाचा आणि बोटांमधल्या बेचक्या उजेडात पाहाव्यात. वाकता येत नसेल तर आरसा वापरावा.

उंदीर चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. हळद, चुना, तंबाखू असे काहीही भरू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे केव्हा घेतले ते सांगावे. उंदराच्या चाव्यातून रेबीज होणे अत्यंत विरळ आहे. परंतु जखम नेमकी कशाची, हे ठाऊक नसेल तर निर्णय डॉक्टरांवर सोपवावा. पुढील तीन दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत ताप, पुरळ वा सांधेदुखी उद्भवल्यास उंदीर चावल्याची गोष्ट आवर्जून सांगावी. तापाच्या कारणाचा माग त्यावरून लागतो.

मावशीच्या घरातील भोक अखेर सापडले. तिच्या खोलीत वातानुकूलन यंत्र बसविताना नळीभोवती राहिलेली ती जेमतेम दोन बोटे रुंदीची फट होती. तारेची घासणी आणि ओंजळभर सिमेंट यांनी ती बुजली. गवंड्याला अर्धा तास लागला. त्यानंतर दोन पिंजऱ्यांत तीन उंदीर सापडले आणि खुडबुड थांबली. परंतु घरात एक बदल कायमचा झाला. मावशी आता काही ऐकू आले असे म्हणाली, की सून विजेरी उचलते. कधी तो वाऱ्याने हललेला पत्रा असतो, कधी पाल असते, कधी काहीच नसते. ती जाऊन पाहून येते आणि काय होते ते मावशीला सांगते. मावशी मग कुशीवर वळते आणि झोपी जाते.